वडिलांचा रकाना रिकामा असला तरी

जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस चुकवायला मी माहीम स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिरले, तर पुढे एक आजी उभ्या. कोळीवाड्यातल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी आणि तिच्यात नातीचे कागद: जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आईचा मृत्यूचा दाखला. सहा वर्षांची नात आजींचा पदर धरून उभी होती. दुकानातल्या मुलाने शाळेचा फॉर्म चाळला आणि ‘वडिलांचे नाव’ या रकान्यावर बोट ठेवलं.

“आजी, वडिलांचं आधार नाय जोडलं तर फॉर्म घेणार नाहीत.”

“त्याचा चार वर्सं पत्ता नाय रे बाबा.”

“मग कोर्टातून कागद आणावा लागेल.”

आजींनी फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने जे ऐकलं तेच सांगितलं. पण एका ऐकीव वाक्यावर एक मूल वर्षभर शाळेबाहेर राहू शकतं, आणि अशी वाक्यं आपल्या चाळींत, सोसायट्यांत, शाळांच्या खिडक्यांवर रोज बोलली जातात. त्यांतली काही इथे तपासून पाहू.

“बापाचं नाव नाही, मग मुलाचं काहीच होत नाही”

आधी शाळा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा ‘पालक’ कोणाला म्हणतो? मूल ज्या व्यक्तीच्या देखभालीत आणि ताब्यात आहे, ती व्यक्ती. न्यायालयाने नेमलेला पालक त्यात येतोच, पण न्यायालयाने नेमलेलाच हवा अशी अट नाही. नातीला रोज जेवू घालणाऱ्या, तापात रात्रभर उशाशी बसणाऱ्या आजी या कायद्याच्या नजरेत पालक आहेत. त्याच कायद्याच्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. कलम 13 प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला मनाई करतं. “मुलाचे वडील काय करतात? ते कुठे असतात?” असे प्रश्न विचारून प्रवेश ठरवणारी मुलाखत म्हणूनच बेकायदा आहे.

मग जन्मदाखला. 6 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या प्रकरणात सांगितलं, की मुलाचं पालकत्व मागताना तिला वडिलांचं नाव उघड करायला भाग पाडता येणार नाही. अशी आई जन्मदाखला मागायला आली, तर तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा, असंही न्यायालयाने बजावलं. पुढे 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नालासोपाऱ्याच्या एका अविवाहित आईच्या मुलीसाठी वडिलांच्या नावाशिवाय दाखला द्यायचा आदेश मुंबई महापालिकेला दिला. आता पासपोर्ट. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बदलले आणि आई किंवा वडील, कोणा एकाचं नाव पुरेसं ठरवलं. घटस्फोटाची कागदपत्रं दाखवायची सक्तीही तेव्हाच गेली.

आपल्या राज्याचा एक निर्णय अजून पुष्कळांना नीट समजलेला नाही. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, की शाळेची, महसुलाची आणि इतर शासकीय कागदपत्रं यांत मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम लावायचा. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागू आहे. “आता आपल्या सगळ्यांची नावं बदलून घ्यावी लागणार” ही भीती खोटी आहे. त्याआधी जन्मलेल्यांची कागदपत्रं आहेत तशी राहतात.

मराठी माणसाचं नाव तीन शब्दांचं, आणि मधला शब्द बापाचा. हजेरीपटावर, लग्नपत्रिकेत, दाराच्या पाटीवर पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलं. म्हणून मधला शब्द नसलेलं मूल आपल्याला अर्धवट वाटतं. त्या मुलाला मात्र काहीही कमी नसतं, हे आपण मोठ्यांनी आधी स्वतःला सांगायला हवं.

“एकट्या बाईला मूल दत्तक मिळत नाही”

मिळतं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे ‘कारा’चे, 2022 चे नियम स्पष्ट आहेत. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा दत्तक घेता येतो. जोडपं असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार हवा. मूल आणि दत्तक घेणारा यांच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर हवं, आणि दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर एकट्या व्यक्तीचं वय 40 च्या वर नसावं.

नियम इतके साफ असूनही भुसावळला काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एका घटस्फोटित शिक्षिकेला आपल्या बहिणीची मुलगी दत्तक घ्यायची होती. मुलीच्या आईवडिलांची संमती होती. पण दिवाणी न्यायालयाने अर्ज फेटाळला. कारण काय, तर बाई एकटी आहे, नोकरी करते, मुलीकडे लक्ष द्यायला तिला वेळ मिळणार नाही. एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी हा निकाल रद्द केला. गृहिणी आई आणि नोकरी करणारी एकटी आई अशी तुलना करणारी ही विचारसरणी मध्ययुगीन आहे, असं त्यांनी नोंदवलं. एकटा पालक बहुधा नोकरी करणाराच असणार, हे साधं सत्यही त्यांनी त्या निकालात मांडलं.

याला जोडून आणखी एक समज आहे: मुसलमान, ख्रिश्चन, पारशी यांना दत्तक घेता येत नाही, फार तर पालकत्व मिळतं. एका बाजूला शितळादेवी, दुसरीकडे मखदूम शाह बाबांचा दर्गा आणि दर बुधवारी नोव्हेनाला गर्दी होणारं सेंट मायकल चर्च अशा माहीममध्ये हा प्रश्न शेजारच्याच दारातला आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. “एका नर्सिंग होममध्ये बाळ आहे, थेट देतील” असं कोणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका. कायद्याबाहेर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पैसे देऊन मूल घेतलं तर पाच वर्षांपर्यंत. मूल सांभाळणं ज्या आईला शक्य नाही, तिने बालकल्याण समितीपुढे जावं. तिथे समर्पणपत्र केल्यावरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. थेट व्यवहारात ते दोन महिने तिच्याकडून हिरावले जातात.

“तिथली मुलं म्हणजे गुन्हेगार”

माहीममध्ये वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी ही धमकी ऐकली असेल: “मस्ती केलीस तर डेव्हिड ससूनमध्ये टाकेन.” माहीमच्या डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूलचा इतिहास 1857 पर्यंत मागे जातो. भरकटलेल्या मुलग्यांच्या हाताला काम शिकवावं, या हेतूने ती उभी राहिली, म्हणून नावात ‘इंडस्ट्रियल’. आज ती चिल्ड्रेन्स एड सोसायटीकडे आहे.

2015 च्या बाल न्याय कायद्यात दोन वेगळे गट आहेत. ज्याच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे ते मूल एका गटात, आणि हरवलेलं, टाकलेलं, पोरकं झालेलं, घरात मार खाणारं, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल दुसऱ्या गटात. पहिल्यासाठी निरीक्षणगृह, दुसऱ्यासाठी बालगृह. आपण दोघांनाही ‘रिमांड होम’ म्हणतो, आणि आई वारली म्हणून बालगृहात आलेल्या मुलाच्या कपाळी शिक्का बसतो. गुन्ह्याच्या प्रकरणातल्या मुलाचंही नाव, पत्ता, शाळा जाहीर करायला कायद्याची बंदी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो पुढे पाठवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. मुलांना संस्थेची धमकी देणं आपण बंद केलं पाहिजे. त्या धमकीचं ओझं संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला शाळेत, नोकरीत, लग्नात उचलावं लागतं.

“दोन आया, दोन बाप किंवा तृतीयपंथी आई असेल तर मूल बिघडतं”

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून निष्कर्ष मांडला. आईवडिलांचं लिंग किंवा लैंगिक कल यापेक्षा त्यांचं मुलाशी नातं कसं आहे, त्यांना समाजाचा आणि पैशाचा आधार किती आहे, यावर मुलाचं भलं अधिक ठरतं. 2023 मध्ये इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही समलिंगी व्यक्तींच्या विवाहाच्या आणि दत्तकाच्या हक्काला पाठिंबा दिला.

कायदा अजून तिथवर आलेला नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, अविवाहित जोडप्यांना एकत्र दत्तक नाकारणारा नियम कायम ठेवला. समलिंगी जोडप्याला त्यामुळे एकत्र अर्ज करता येत नाही. त्यांतल्या एकाला एकटी व्यक्ती म्हणून करता येतो. मग घरात दोघं आणि कागदावर एक. कागदावरच्या एकाला काही झालं, तर मूल कायद्याने पोरकं, दुसरा पालक समोर उभा असूनही. यात हाल मुलाचे होतात, म्हणून मला हा नियम चुकीचा वाटतो.

मुंबईच्या मालवणीत काम करणाऱ्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी एचआयव्हीने आई गेलेल्या एका मुलीला आई होऊन वाढवलं, हे 2017 च्या एका जाहिरातीमुळे देशभर पोचलं. “हे सगळं आता नवीन” म्हणणाऱ्यांनी थोडं मागे जावं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि एका विधवा ब्राह्मण आईचं मूल दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1889 मध्ये गिरगावात शारदासदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाई नवऱ्यामागे एकट्याने मुलीला वाढवत होत्या.

झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी आम्ही एका कोऱ्या कागदावर आजींचं निवेदन लिहिलं: नात माझ्याकडे राहते, तिची आई वारली, वडिलांचा ठावठिकाणा नाही, मी तिचा सांभाळ करते. खाली आजींचा अंगठा. ते फॉर्मला जोडलं, आणि प्रवेश झाला. पण त्यांना आणखी एका गोष्टीचा पत्ता नव्हता. आई किंवा वडील गमावलेल्या, पोरक्या झालेल्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. तुमच्या चाळीत, गल्लीत नातवंडं सांभाळणारी अशी आजी, मावशी किंवा काका असेल, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि हे सांगा. फॉर्म भरायला त्यांच्या शेजारी बसा. आणि मूल अडचणीत दिसलं, तर 1098 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत.