वळताना पुढून ‘कट-कट’ येतंय? जुन्या मारुतीचा एक्सल घरी बदलता येतो का, समजून घ्या

औसा : लातूरकडून येणारा चौपदरी रस्ता सोडून गाडी गावातल्या अरुंद गल्लीत वळते. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या चाकातून ‘कट-कट-कट’ असा आवाज सुरू होतो आणि गाडी सरळ झाली की थांबतो. जुनी मारुती ८०० किंवा अल्टो चालवणाऱ्याला हा आवाज नवा नसतो. गॅरेजमध्ये एका वाक्यात निदान होतं, ‘एक्सल गेला.’ मात्र दर वेळी पूर्ण एक्सल जातोच असं नाही. आणि खरंच गेला असेल, तर तो घरच्या अंगणातही बदलता येतो. त्यासाठी काही अटी आहेत.

प्रश्न फक्त आवाजाचा नाही. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. म्हणजे या मॉडेलची सगळ्यात तरुण गाडीसुद्धा २०२९ मध्ये पंधरा वर्षांची होते. पंधरा वर्षांनंतर खासगी कारची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १० हजारांवर गेली. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची म्हटल्यावर दुरुस्तीचा प्रत्येक रुपया मोजला जातो. मजुरी वाचवण्याचा विचार तिथूनच येतो.

हा एक्सल नेमका असतो काय?

बैलगाडीत आख जागेवर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. मारुतीत उलटं आहे. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे गिअरबॉक्समधून डावीकडे आणि उजवीकडे एकेक दांडा निघतो आणि तो चाकासोबत फिरतो. हाच तो एक्सल. त्याला फिरताना वाकावंही लागतं, कारण चाक खड्ड्यात खाली-वर होतं आणि स्टिअरिंगबरोबर वळतं. म्हणून दोन्ही टोकांना सांधे असतात. चाकाकडच्या सांध्यात पोलादी गोळ्या आणि आत, गिअरबॉक्सकडे, तीन पाकळ्यांचा सरकता सांधा. दोन्हींवर घड्यांचं रबरी बूट आणि बुटात काळं ग्रीस. (अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जुनी बोलेरो यांची मागची चाकं फिरवली जातात. त्यांना इथलं काहीच लागू नाही.)

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हे रबर असतं. उन्हाने ते कडक होतं, घडीत चीर पडते आणि फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं. मग पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात धूळ थेट गोळ्यांवर बसते. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर काळा चिकट शिंतोडा दिसला तर समजा की बूट फाटलंय. आवाज अजून आलेला नसेल तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाला असेल तर सांध्यात खाच पडलेली असते आणि ग्रीस भरून ती बुजत नाही.

वळताना कट-कट म्हणजे बाहेरचा सांधा. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, तर संशय आतल्या सांध्यावर. वेगाबरोबर वाढत जाणारी ‘हूंऽऽ’ अशी घरघर मात्र बहुधा बेअरिंगची असते, तिथे एक्सल बदलून काही होणार नाही.

काम कुठे अवघड जातं?

पहिली अडचण जमीन. मोकळ्या काळ्या मातीवर जॅक तिरपा होतो आणि रुततो. फरशी किंवा काँक्रीट हवं. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला आणि जॅकशिवाय वेगळा लोखंडी स्टँड. विटांचा थर हा स्टँड नव्हे. वीट दाबाखाली अचानक फुटते. स्टँड नसेल तर हे काम घरी करू नये, इथे जुगाडाला जागा नाही.

दुसरी अडचण चाकाच्या मध्यावरचा मोठा नट. तो गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा आणि एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा. काही गाड्यांत नटाला स्प्लिट पिन असते, काहींत नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते. ठोकलेला नट परत वापरत नाहीत. छोट्या गाड्यांत हा नट साधारण १५० ते २०० न्यूटन-मीटरला कसलेला असतो. हिशेब सोपा आहे. पान्याला पाइप घालून हात ६० सेंटिमीटर लांब केला आणि टोकावर ३० किलोचा जोर दिला, तर सुमारे १७५ न्यूटन-मीटर होतात. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

मग गिअर ऑइल परातीत काढून घ्यायचं, गाडी स्टँडवर, चाक बाहेर. लोअर आर्मचा बॉल जॉइंट चाकाच्या नकलमध्ये एका बोल्टने धरलेला असतो. तो बोल्ट काढून आर्म खाली दाबला की नकल बाहेर झुकते. मारुतीत स्टॅबिलायझर बारही याच आर्मला जोडलेला आहे. त्याचे क्लॅम्प सैल केल्याशिवाय आर्म पुरेसा खाली येत नाही आणि नवखा माणूस तासभर इथेच झटतो.

हबमधून एक्सल गंजामुळे निघत नसेल तर नट टोकापर्यंत परत लावून लाकडी ठोकळ्यावरून हलके ठोके द्यायचे. थेट हातोडा मारला तर आटे चेपतात. गिअरबॉक्सकडचं टोक आतल्या रिंगने अडकलेलं असतं. टॉमी गिअरबॉक्स आणि सांध्याच्या मध्ये घालून झटका द्यावा लागतो. दांडा धरून ओढू नये, आतला सांधा सुटून पाकळ्या बाहेर येतात. एका वेळी एकच बाजू काढावी. दोन्ही एक्सल एकदम काढले तर काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर जागा सोडतात आणि मग पूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येते.

नवा एक्सल घेताना जुना सोबत न्यावा. डावा-उजवा सारख्या लांबीचे नसतात. मॉडेलच्या वर्षानुसार दातेही बदलू शकतात, म्हणून ते मोजूनच घ्यावेत. ‘रीकंडिशन’ म्हणून मिळणाऱ्या एक्सलमध्ये सांधा हाताने वाकवून पाहावा. कुठेही अडखळ किंवा ढिलाई जाणवली तर नको म्हणावं. गिअरबॉक्सचं ऑइल सील याच वेळी बदलावं. ते स्वस्त आहे आणि नंतर त्याच्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बसवताना आतलं टोक ‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकलायचं आणि सांध्याची वाटी धरून हलकेच ओढून पाहायची. निघाली तर रिंग बसलेली नाही. मोठा नट शेवटी, चाक जमिनीवर टेकल्यावर कसायचा. तो पूर्ण कसण्याआधी गाडी ढकलून बाजूला घेण्याचा मोह होतो. तसं केल्यास हबचं बेअरिंग खराब होऊ शकतं. स्प्लिट पिन नवीच घालावी. काढलेलं ऑइल नालीत किंवा बोअरजवळ ओतू नये, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यावं. नवीन ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच आणि लेव्हल प्लगपर्यंत. हे भरायचं राहिलं तर एक्सलऐवजी गिअरबॉक्सचं बिल येतं.

चाचणीसाठी हायवे नको. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना सावकाश चार-चार गोल फेऱ्या माराव्यात. रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावर ऑइलचा डाग दिसला तर सील तिरपं बसलंय आणि तुळजापूरला निघण्याआधी ते पुन्हा काढावं लागणार.