सोळा पानं, पण महिन्याच्या महिन्याला

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात मराठीबरोबर गोंडी, माडिया, बंगाली आणि तेलुगूही कानावर पडते. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं सरकारनं या तालुक्यात वसवली, त्यांच्या नव्या पिढ्या इथंच वाढल्या. या पट्ट्यातल्या जंगलांमधल्या बांबूचा कागद बल्लारपूरच्या कारखान्यात दशकानुदशकं तयार झाला. अशा तालुक्याचं स्वतःचं मासिक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण ते काढायचं म्हटलं की आधी देणगीदार शोधला जातो आणि मग जाडजूड दिवाळी अंकाचा बेत ठरतो. इथंच गाडी अडते. छोट्या मासिकाचं खरं भांडवल म्हणजे वर्गणीदारांची यादी, आणि वेळेवर आलेल्या अंकावरच ती टिकते. पैसा कमी असेल तर पानं कमी करावीत, तारीख चुकवू नये.

छपाईचं गणितही हेच सांगतं. ऑफसेटवर जुळवणी, प्लेटा आणि यंत्र लावणं यांचा खर्च दोनशे प्रती काढा की सहाशे, तेवढाच येतो. तो सहा हजार रुपये धरला, तर दोनशे प्रतींवर प्रत्येकी तीस रुपये पडतात आणि सहाशेंवर दहा. म्हणून सोळा पानांच्या एकाच फर्म्यात अंक बसवणं आणि प्रती वाढवणं फायद्याचं. नियतकालिकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. पण त्यामुळेच कागदावर भरलेला कर परत मिळत नाही, तो अंकाच्या किमतीतच मुरतो. टपालाचं दुखणं त्याहून मोठं. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या सवलतीसाठी १८९८च्या टपाल कायद्यात दोन अटी होत्या: दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको आणि खऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. त्रैमासिकं, अनियतकालिकं त्यात बसतच नसत. डिसेंबर २०२४मध्ये छापील पुस्तकांसाठीची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवाही टपाल खात्यानं बंद केली. तेव्हा मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी गावोगावच्या शिक्षकांकडे, बाजाराच्या दिवशी ठरलेल्या दुकानात गठ्ठा पोचवणं हाच स्वस्त मार्ग उरतो.

देणगीनं सुरुवात होते, हे खरं. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर. ‘केसरी’नं तर पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापली नाही. पण पुढं काही वर्षांतच ते बंद पडलं. १९२७मध्ये सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चा बराचसा मजकूर डॉ. आंबेडकरांना एकट्यानं लिहावा लागे. तेही १९२९मध्ये थांबलं. विचारांत, भाषेत या पत्रांना तोड नव्हती. कमी पडला तो नियमित वर्गणी भरू शकणारा वाचक, आणि ज्या समाजासाठी ती निघाली त्याची गरिबी पाहता त्याला दोष देता येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक असूनही जवळपास पन्नास वर्षं चाललंच की! चाललं, पण त्यांनी लेखक-वाचक मेळावे भरवून वाचकांना धरून ठेवलं. दोन अंकांमधलं लांब अंतर त्या भेटींनी भरून निघालं. तेवढी माणसं जोडण्याची ताकद ज्याच्याकडे असेल, त्यानं त्रैमासिक जरूर काढावं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोबाइल असताना कागद कशाला? नागपूरहून १९९०पासून निघणारा ‘आजचा सुधारक’ छापील रूप सोडून डिजिटल झाला, त्यामुळे कागद आणि टपालाचा खर्च वाचला. पण त्याच्यामागे सत्तावीस वर्षांत जमवलेला वाचक होता. नव्या मासिकाला तो आधी मिळवावा लागतो, आणि जंगलपट्ट्यातल्या अनेक गावांत मोबाइलची रेंज आजही भरवशाची नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवलेला एक अंक दहा जण वाचतात. पीडीएफ सोबत द्यावी, त्याच्या जागी नको.

लेखकांना मानधन देता येणार नसेल तर पहिल्याच अंकात तसं छापावं आणि दरवर्षी जमाखर्चही छापावा. हिशेब दिसला की वर्गणी मागायला संकोच वाटत नाही. गोंडी, माडिया, बंगाली आणि तेलुगू या चारही भाषांतला थोडा मजकूर देवनागरीत मराठी अर्थासह दिला, तर यादी एकाच समाजापुरती राहणार नाही. आणि मुलचेऱ्यातल्या शिक्षकांना, दुकानदारांना, ग्रामसभांना एक विनंती: असं मासिक कुणी काढलं तर फुकट अंकाची वाट पाहू नका, वर्षाची वर्गणी आधी भरा.