आउटबोर्ड पेटत नाही तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. ती उठून नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला अर्पण झाला, की मालवण-देवबागपासून हर्णै-मुरुडपर्यंतच्या वाळूवर एकच लगबग दिसू लागते. पावसाळाभर खोपीत किंवा पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली विसावलेली आउटबोर्ड इंजिने खांद्यावरून होडीपाशी आणली जातात, मागच्या फळीवर चढवून आवळली जातात आणि त्यांची दोरी ओढण्यास प्रारंभ होतो. काही इंजिने दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला पेट घेतात. काही मात्र, ओढणाऱ्याचा दंड भरून आला तरी, हूं की चूं करीत नाहीत. अशा मौन धरलेल्या इंजिनाभोवती जी मंडळी गोळा होतात त्यांत जितकी तोंडे तितकी निदाने, आणि त्या निदानांपैकी बरीचशी परंपरेने चालत आलेली असली तरी वस्तुस्थितीच्या कसोटीला उतरणारी नसतात, हे येथे थोडे तपशिलात सांगावयाचे आहे.

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिल्वॉकी येथे स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली दीड अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे आउटबोर्ड विक्रीस आणले. तेव्हापासून आजतागायत या यंत्राच्या रूपात पुष्कळ स्थित्यंतरे झाली, परंतु त्याने पेट घेण्याच्या अटी मात्र तीनच राहिल्या: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन सिलिंडरमध्ये पोहोचले पाहिजे, ते तेथे पुरेसे दाबले गेले पाहिजे आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडली पाहिजे. तिन्ही अटी पुऱ्या होऊनही पेटण्यास नकार देईल असे इंजिन नाही, आणि एक अट अपुरी असता केवळ मनगटाच्या जोरावर पेटेल असेही इंजिन नाही. म्हणून चौकशी करावयाची ती यांपैकी कोणती अट मोडली एवढ्याचीच, आणि तीही बाहेरून आत या क्रमाने. कारण सर्वांत रूढ गैरसमज हाच आहे की इंजिन पेटत नाही म्हणजे इंजिनात बिघाड आहे.

दोरी मुळी बाहेरच येत नाही, म्हणून ‘इंजिन जाम झाले’ असा निकाल देऊन पाने-पकडी काढणारे लोक थोडे नाहीत. वास्तविक पुष्कळ इंजिनांत गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर दोरी अडवून धरण्याची योजना कारखान्यातच केलेली असते, पेटताक्षणी होडीने उसळी घेऊन उभ्या माणसाला पाण्यात फेकू नये म्हणून. बटणाने सुरू होणाऱ्या इंजिनात तीच योजना बटण निःशब्द करून टाकते. याहून फसवा प्रकार तांबड्या दोरीच्या चिमट्याचा. चालविणारा पाण्यात पडल्यास इंजिन आपोआप बंद व्हावे म्हणून हा चिमटा स्विचमध्ये बसविलेला असतो, आणि तो जागेवर नसेल तर ठिणगीचा प्रवाह परस्पर लोखंडात उतरून नाहीसा होतो. दोरी नेहमीप्रमाणे ओढली जाते, फ्लायव्हील नेहमीप्रमाणे फिरते, सर्व काही यथास्थित असल्याचा भास होतो आणि पेट मात्र लागत नाही. हा चिमटा घरी किल्ल्यांच्या जुडग्यात राहिलेला असताना किनाऱ्यावर कार्ब्युरेटर उघडला जातो, याला बिचाऱ्या कार्ब्युरेटरने काय करावे?

टाकीकडेही हीच उपेक्षा होते. टाकीच्या झाकणावर हवेचा जो लहान स्क्रू असतो तो वाहतुकीच्या वेळी बंद केलेला असतो आणि समुद्रावर गेल्यावर उघडावयाचा राहतो. मग इंजिन सुरू होते, काही मिनिटे उत्तम चालते, टाकीत निर्वात पोकळी वाढत जाऊन इंधन येईनासे होते आणि इंजिन आचके देऊन थांबते. पुन्हा काही केल्या पेटत नाही. अशा वेळी झाकण सैल करताच हवा आत ओढली जाण्याचा सुस्कारा ऐकू आला, तर तेवढ्यावरच दोषाची रुजुवात झाली असे समजावे. टाकी व इंजिन यांना जोडणाऱ्या नळीतील रबरी फुग्यावर बाण असतो. तो इंजिनाकडे असावा, इंजिनाकडचे टोक वर धरून फुगा दाबावा आणि काही दाबांनंतर तो कठीण व्हावा. किती दाबले तरी तो लिबलिबीतच राहत असेल तर कोठेतरी इंधनाऐवजी हवा ओढली जात आहे, आणि हे ‘कोठेतरी’ बहुधा नळीच्या जोडावरील झिजलेली रबरी कडी असते. तिच्या किमतीत एक वेळचा चहा होईल.

दुसरा गैरसमज बळासंबंधीचा. इंजिन पेटत नसेल तर चोक ओढून आणखी जोराने आणि आणखी वेळा दोरी ओढावी, असे समजले जाते. चोक म्हणजे हवा रोधून मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढविण्याची युक्ती. थंड इंजिनाला पहिल्या काही ओढींपुरती ती आवश्यक असते. त्यापुढे चोक तसाच ठेवून ओढत राहणे म्हणजे सिलिंडरमध्ये द्रवरूप पेट्रोल साचवीत जाणे, आणि ओल्या प्लगवर ठिणगी धरत नाही. येथे ओढणाऱ्याचा उत्साह हाच दोषाचा पोषणकर्ता ठरतो. उपाय उलटा आहे: चोक पूर्ण बंद करावा, थ्रॉटल उघडा करून दोरी काही वेळा ओढावी म्हणजे जादा इंधन हवेबरोबर निघून जाते; किंवा प्लग काढून पुसावेत, चिमटा काढून ठिणगी बंद ठेवावी, दोरी ओढून सिलिंडर कोरडे करावे आणि थोडा अवधी जाऊ द्यावा. गरम इंजिनाला पुन्हा सुरू करताना चोक ओढणे ही याच गैरसमजाची धाकटी शाखा.

प्लगविषयी बोलावयाचे तर या प्रकरणातील सर्वांत विश्वासू साक्षीदार तोच, आणि त्याची जबानी मात्र सहसा अपुरी घेतली जाते. प्लग काढायचा, इंजिनाच्या धातूला टेकवायचा, दोरी ओढायची आणि निळसर ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणून तो विषय संपवायचा, असा प्रघात आहे. परंतु उघड्या हवेत फट ओलांडण्यास जितका विद्युद्दाब पुरतो त्याहून कितीतरी अधिक तो दाबलेल्या मिश्रणात लागतो. म्हणून बाहेर दिसणारी ठिणगी ही आतल्या ठिणगीची हमी नव्हे. उलट बाहेरही ठिणगी नसेल तर लगेच ठिणगी पुरविणारा महागडा विद्युत-संच, म्हणजे सी.डी.आय., बदलण्याचे कारण नाही. आधी नवा प्लग लावून पाहावा, मग त्याची टोपी व तार, मग खाऱ्या वाऱ्याने हिरवट झालेली अर्थिंगची जोडणी, आणि मग बंद करण्याच्या स्विचकडे जाणारी तार क्षणभर सोडवून पाहावी. ती सोडताच ठिणगी परतली तर अपराधी तो स्विच. ही तपासणी करताना प्लगचे छिद्र आणि ठिणगी एकमेकांपासून दूर ठेवावीत, कारण छिद्रातून इंधनाचे बाष्प बाहेर पडत असते. दहा-बारा वेळा ओढल्यानंतर काढलेला प्लग कोरडा ठणठणीत असेल तर इंधन आत येत नाही. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही किंवा इंधन अतिरिक्त आहे. त्यावर पाण्याचे थेंब असतील तर प्रश्न निराळाच आहे. प्लगच्या छिद्रावर अंगठा धरून दोरी ओढली असता तो अंगठा दाबाने ढकलला गेला नाही, तरच इंजिनाच्या अंतरंगाविषयी शंका घ्यावी.

आता पेट्रोलविषयी, कारण पावसाळ्यानंतरच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ तेथे आहे आणि ‘टाकीत पेट्रोल आहे’ या विधानाने ते झाकले जाते. मेमध्ये भरलेले पेट्रोल ऑगस्टमध्ये पेट्रोलच असते, हा समज सर्वस्वी खरा नाही. त्यातील उडून जाणारे, म्हणजे थंड इंजिनाला पेटविणारे, घटक आधी निघून जातात; कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेला थेंब आटून त्याचा चिकट, लाखेसारखा थर जेटच्या केसाएवढ्या छिद्रात बसतो, आणि मग नवे पेट्रोल कितीही शुद्ध असले तरी ते पोहोचू शकत नाही. फुगा कठीण आणि प्लग कोरडा, ही या अवस्थेची खूण. त्यातच अलीकडे देशभर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. कोकणच्या पावसाळी दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवली तर हे पाणी साचत जाते, आणि विशिष्ट मर्यादेपलीकडे इथेनॉल व पाणी यांचा संयुक्त थर पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसतो. इंधन खेचणारी नळीही नेमकी तळाशीच असते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण वरच्या पेट्रोलच्या थरात राहते, म्हणून तळाचे हे मिश्रण ओढून इंजिन कसेबसे चाललेच तर वंगणाशिवाय चालते. काचेच्या बाटलीत तळाचे इंधन काढून दहा मिनिटे स्थिर ठेवले की दोन थर डोळ्यांना दिसतात. एवढी साधी परीक्षा करण्याऐवजी वरून ताजे पेट्रोल ओतून ‘मिसळून जाईल’ म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. बंदीपूर्वी टाकी रिती करणे आणि इंधनाची नळी सोडून, वाटीतील इंधन संपेपर्यंत इंजिन चालविणे, हा खरा बंदोबस्त.

कोकणापासून केरळपर्यंत किनाऱ्यावर केरोसीनवर चालणारी आउटबोर्डही आहेत, आणि त्यांच्याबाबत तर एक अनास्था जवळजवळ सार्वत्रिक आहे. ही इंजिने पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर केरोसीनवर न्यावयाची असतात. पेट्रोलचे बाष्प शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगे असते, केरोसीनला मात्र साधारण ३८ अंश किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. थंड सिलिंडरमध्ये ते धुके होऊन राहते, पेटत नाही. हे सारे ठाऊक असते. विसरले जाते ते परतीचे काम: बंदराजवळ आल्यावर पुन्हा पेट्रोलवर आणून काही वेळ चालवून मगच इंजिन बंद केले पाहिजे, नाहीतर वाटीत केरोसीनच उरते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ‘काल तर झकास चालत होते’ ही कैफियत सुरू होते. काल झकास चालले म्हणूनच आज ते पेटत नाही.

ऑइल जास्त घातले तर इंजिन जास्त टिकते, हाही एक लोकप्रिय समज. पन्नासास एक म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर असे प्रमाण माहितीपुस्तकात असेल तेथे दुप्पट ऑइल घातल्याने प्लगवर काजळी धरते आणि इंजिन पेटण्यास अधिकच कुरकुरते. प्रत्येक इंजिनाचे प्रमाण त्याच्या पुस्तकातलेच मानावे. सिलिंडरमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या तोंडात थेट पेट्रोल ओतून इंजिन पेटविण्याचा उपाय तर निखालस त्याज्य होय. त्याने भिंतीवरील वंगण धुऊन जाते आणि भडका उडाला तर तो ओतणाऱ्याच्या तोंडावर. ‘जरा चालते का बघू’ म्हणून कोरड्या वाळूवर इंजिन सुरू करणारेही असतात. पाण्याच्या पंपातील रबरी पाती पाण्यानेच गार व निसरडी राहतात, कोरडी फिरली तर काही सेकंदांतच त्यांची हानी सुरू होते. पिंपात गोडे पाणी भरून, पंखा काढून, पाणी ओढणारी जाळी बुडेल इतके इंजिन आत सोडावे आणि मग परीक्षा करावी.

समुद्रात उलटलेल्या होडीबरोबर बुडालेले इंजिन बाहेर काढल्यावर काय करावे, याविषयीचा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. बहुतेक जण ते उन्हात वाळत घालतात. खाऱ्या पाण्यात असेपर्यंत धातूला प्राणवायू बेताचा मिळतो. बाहेर येऊन ओल्या, क्षारयुक्त पृष्ठभागाला हवा लागली की गंजण्याची क्रिया खऱ्या अर्थाने वेग घेते, आणि बेअरिंगांचे गुळगुळीत पृष्ठभाग फार थोड्या तासांत खरवडल्यासारखे होऊ शकतात. म्हणून बाहेर काढताच आतबाहेर भरपूर गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून छिद्रे खाली करून दोरी हळूहळू ओढीत पाणी निथळवावे, कार्ब्युरेटर रिता करावा, फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल बदलावे, सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, इंजिन सुरू करून अर्धा तास चालवावे म्हणजे उरलेला ओलावा उष्णतेने निघून जातो. ओढताना दोरी अडली किंवा आत वाळू खरखरली तर जोर करू नये. चालत्या स्थितीत बुडालेल्या इंजिनात पाणी दाबले न गेल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि त्याला हिसके देणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च आपणच वाढविणे. मेकॅनिक दोन दिवसांनी भेटणार असेल तर काय? तर ते इंजिन तोपर्यंत गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवावे. हे ऐकून पुष्कळांना थट्टा वाटते. पण हवेपासून दूर ठेवण्याचा तेवढाच मार्ग किनाऱ्यावर उपलब्ध असतो.

राहिला तो इंजिन भर पाण्यात बंद पडून पुन्हा पेटत नाही, हा प्रसंग. त्या वेळी सर्वांनी मिळून इंजिनावर ओणवे होणे हेच प्रथम कर्तव्य समजले जाते, आणि तेवढ्या अवधीत, विशेषतः देवबागेसारख्या जागी जेथे कर्लीचे पाणी ओहोटीबरोबर मुखातून बाहेर धावते, होडी आडवी होऊन लाटांच्या फुटण्याच्या जागेकडे वाहत जाते. आधी नांगर टाकावा, नाळ लाटेकडे वळू द्यावी, लाइफ जॅकेटे चढवावीत. नंतर चिमटा, न्यूट्रल, टाकीचा स्क्रू, फुगा आणि प्लग, या क्रमाने पाहावे. नांगर धरत नसेल किंवा वारा समुद्राकडे ओढत असेल तर तपासणी तेथेच सोडून वल्ही हाती घ्यावीत आणि मोबाइलला रेंज आहे तोवर तटरक्षक दलाच्या १५५४ या निःशुल्क क्रमांकावर आपली जागा कळवावी.