कर्करोगानंतरची झोंप आणि मोबाइलवरील उपचार

कर्करोग आटोक्यांत आला, आतां सहा महिन्यांनीं तपासणीस या, असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजे घरांतील मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. देवापुढें साखर ठेवली जाते, नातलगांना कळविलें जातें. परंतु त्याच घरांत रात्रीं दोन वाजतां एक माणूस आढ्याकडे डोळे लावून पडलेला असतो, आणि त्याविषयीं तो कोणाशींही अवाक्षर काढीत नाहीं. एवढ्या मोठ्या दुखण्यांतून वांचल्यावर झोंपेची तक्रार काय करावयाची, असा त्याला संकोच वाटतो. डॉक्टरही पुष्कळदां विचारीत नाहींत.

हा निद्रानाश सुरू कां होतो हें समजणें कठीण नाहीं. स्टिरॉइड औषधें झोंप उडवितात. स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोन-उपचारांमुळें रात्रीं अंगांतून वाफा निघाल्यासारखें होऊन घाम फुटतो. शस्त्रक्रियेची जागा ठणकते. आणि या सर्वांवर, रोग परत तर येणार नाहीं ना, ही धास्ती. खरा प्रश्न निराळाच आहे. उपचार संपले, वेदना थांबल्या, तरी निद्रानाश कां टिकतो? आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८७ च्या सुमारास दिलेलें उत्तर आजही मानलें जातें. निद्रानाश सुरू करणारीं कारणें एक, आणि त्याला पोसणारीं कारणें दुसरीं. थकलेला माणूस रात्रीं नऊलाच अंथरुणावर पडतो, दुपारीं दोन तास आडवा होतो, सकाळीं उशिरां उठतो. घरचीं माणसेंही मायेनें म्हणतात, "पडून रहा, विश्रांति घ्या." झोंप मात्र तितकीच येते, ती विरळ होऊन नऊ-दहा तासांवर पसरते, आणि अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, अशी मनाची खूणगांठ बसते.

यावरील उपचार विचारांवर आणि संवयींवर चालतो. डॉक्टर मंडळी त्याला 'सीबीटी-आय' म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें २०१६ सालीं, जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधीं हाच उपचार करावा, अशी शिफारस केली. अडचण ही कीं तो जाणणारे तज्ज्ञ थोडे. परळच्या टाटा रुग्णालयांत उपचार घेऊन दूर गांवीं परतलेल्या माणसानें दर आठवड्यास केवळ झोंपेसाठीं मुंबई गांठावी, हें होणें नाहीं. मोबाइलचा उपयोग येथें आहे.

अ‍ॅप म्हटलें कीं लाटांचा आवाज आणि मंद संगीत, असा समज असतो. या उपचाराचें काम अंगाईचें नव्हे. किंबहुना आरंभीं तो झोंप कमीच करतो! रोज सकाळीं अ‍ॅपमध्यें नोंद करावयाची: अंथरुणावर केव्हां पडलों, डोळा केव्हां लागला, जाग किती वेळां आली, उठलों केव्हां. आठवड्यानंतर हिशेब मांडला जातो. समजा, नऊ तास पडून साडेपांच तासच झोंप लागली. मग आज्ञा होते: उठण्याची वेळ सकाळीं सहा, रात्रीं साडेबाराच्या आंत अंथरुणास पाठ लावूं नये. दुपारची डुलकी बंद. झोंप न आल्यास उठून दुसऱ्या खोलींत बसावें. (एका खोलीच्या बिऱ्हाडांत खिडकीजवळची खुर्चीही चालते, मुद्दा अंथरूण सोडण्याचा आहे.) पहिले कांहीं दिवस डोळ्यांची आग होते, चिडचीड होते, आणि कित्येकजण येथेंच अ‍ॅप सोडून देतात. जे टिकतात त्यांची झोंप दाट होऊं लागते. पडल्या वेळापैकीं शेंकडा ८५ ते ९० भाग झोंपेंत जाऊं लागला म्हणजे पंधरा-वीस मिनिटें वाढवून मिळतात. सावकार कंजूष खरा, पण देणें बुडवीत नाहीं.

याचा अनुभव काय? व्हर्जिनिया विद्यापीठांत तयार झालेल्या 'शटाय' नांवाच्या संगणकीय कार्यक्रमाची परीक्षा २०१२ सालीं कर्करोगांतून बऱ्या झालेल्या अवघ्या २८ जणांवर झाली. पुढें डेन्मार्कमध्यें त्याचें डॅनिश रूपांतर स्तनाच्या कर्करोगांतून गेलेल्या २५५ स्त्रियांवर अजमावलें गेलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उपचार न मिळालेल्या स्त्रियांपेक्षां त्यांची झोंप स्पष्टपणें सुधारलेली आढळली. तथापि कॅनडांतील क्वेबेक येथें २४२ स्त्रियांवर झालेल्या, २०१४ सालच्या प्रयोगाकडेही पाहिलें पाहिजे. तेथें कांहींना चित्रफितींतून व कांहींना तज्ज्ञाकडून समोरासमोर हाच उपचार मिळाला. लाभ दोघींनाही झाला, परंतु समोर माणूस असलेल्यांना अधिक. डोळे चुरचुरत असतां "आणखी चार दिवस धीर धरा" असें म्हणणाऱ्या आवाजाची किंमत यांत आली. ज्या घरीं तज्ज्ञ नाहीं तेथें तो आवाज घरच्यांनींच द्यावयाचा, आणि "पडून रहा" म्हणण्याचा मोह आवरावयाचा.

या धंद्याची एक बाजू फार बोलली जात नाहीं. 'शटाय'चेंच पुढलें रूप 'सॉमरिस्ट' या नांवानें मार्च २०२० मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं मान्य केलें. तें विकणाऱ्या पेअर थेरप्युटिक्स कंपनीनें एप्रिल २०२३ मध्यें दिवाळें काढलें व तिची मालमत्ता लिलावांत गेली. अ‍ॅपची दोरी अशी दुसऱ्याच्या हातीं असते. म्हणून रोजची नोंद एखाद्या वहींतही ठेवलेली बरी. उपचाराचे नियम कागद-पेन्सिलीनेंही पाळतां येतात.

झोंप मोजून घेणें सर्वांना मानवत नाहीं. आंचके येत असतील, उन्माद-अवसादाचा विकार असेल, झोंपेंत श्वास अडत असेल किंवा रोज वाहन चालवावें लागत असेल, तर आधीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज हें आरंभूं नये. शिवाय अ‍ॅपच्या नोंदींत 'रात्रीं तीनदां जाग' एवढेंच लिहिलें जातें. पाठींतील कळ जाग आणते कीं चिंता, आणि ती कळ जुनी कीं गेल्या पंधरवड्यांतली, हें त्याला कळत नाहीं. नवें दुखणें झोंपमोड करीत असेल तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहतां दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें.