दर्याचा नारळ आणि त्याचे रान

फकिराच्या हातातील काळेभोर, होडीच्या आकाराचे भिक्षापात्र जुन्या पिढीतील अनेकांनी पाहिले असेल. हे पात्र बहुधा दर्याच्या नारळाच्या अर्ध्या कवचाचे असे. औषधांच्या जुन्या याद्यांत हाच ‘जहरी नारळ’, म्हणजे विषावरचा उतारा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या तामसीसारख्या गावीही फकिराच्या झोळीसोबत ही वस्तू येऊ शके.

‘दर्याचा’ या शब्दातील षष्ठी मात्र फसवी आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या नारळाची चर्चा केली आहे. मालदीवकडील जमीन पूर्वी समुद्रात बुडाली आणि तिच्यासोबत बुडालेल्या माडांची ही फळे, अशी लोकसमजूत त्याने नोंदविली. झाड कोणीच पाहिलेले नव्हते. अखेर 1768 मध्ये फ्रेंच दर्यावर्दींना ते सेशेल्स द्वीपसमूहातील प्रासलिन बेटावर उभे असलेले आढळले. आजही ते निसर्गतः प्रासलिन आणि शेजारचे क्युर्यूज या दोनच बेटांवर उगवते.

प्रासलिनवरील ‘वाले द मे’ ही दरी म्हणजे या माडांचे राखीव रान. क्षेत्र अवघे 19.5 हेक्टर, तरीही 1983 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळाचा मान दिला. या माडाची नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. वनस्पतिसृष्टीतील हे सर्वांत मोठे बीज. काही बिया 15 किलोंहूनही जड भरतात. पन्हळीसारखी प्रचंड पाने पावसाचे पाणी, परागकण व पाखरांची विष्ठा बुंध्याशी आणून सोडतात. अशा रीतीने निकस जमिनीत हे झाड स्वतःचे खत स्वतःच जमविते.

आता मुख्य गोष्ट. ताजा, सजीव नारळ पाण्यात बुडतो. आतला गर कुजून पोकळी झाली, की मगच तो तरंगतो. म्हणजे आपल्या किनाऱ्याला शतकानुशतके जे लागले, ते सारे मृत बीज होते. त्याचे कमंडलू झाले, औषध झाले, नजराणे झाले; झाड एकही झाले नाही. जिवंत बी आईच्या सावलीतच पडते आणि तेथेच रुजते. म्हणून या झाडाचे रक्षण त्याच्या रानातच करावे लागते.

आज धोका आहे तो वणव्याचा आणि चोरीचा. गराला व कवचाला परदेशात मोठी किंमत येते, म्हणून विक्रीवर परवान्याचे निर्बंध आहेत. नारळ उचलून नेल्याने उभे झाड मरत नाही. रान वरून भरलेलेच दिसते. तळाशी रोपे मात्र नसतात, आणि हा तोटा लक्षात येईपर्यंत एक पिढी उलटून जाते.

आपल्या ओढ्याकाठची शिंदी आणि बांधावरचा ताड हेही त्याच माडाच्या कुळातले. झाडूसाठी शिंदीची पाने आपण नेतो, सुगरणीचे खोपे कौतुकाने पाहतो. माजी विद्यार्थ्यांनी यंदा गावी आल्यावर एवढेच करावे : खोप्याकडे पाहून झाले, की झाडाच्या मुळाशीही पाहावे. तेथे रोप आहे का?