आश्रित नव्हे, लेकरू

श्रोतेहो, पूर्वरंग झाला, आता निरूपणाकडे वळू. देव आपला बाप आहे, हे आपण रोज प्रार्थनेत म्हणतो. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या बापाच्या घरात आपण राहतो कसे? लेकरासारखे, की आश्रितासारखे?

मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर साठीतले एक भाऊ मागे थांबले. म्हणाले, "बुवा, लहानपणीच आईबाप गेले. मामानं सांभाळलं. मामा चांगला होता, पण त्याच्या घरात मी दुसरी भाकरी कधी मागितली नाही. आज चाळीस वर्षं उपासनेला जातोय, पण देवाजवळही तसाच बसतो. काही चुकलं की वाटतं, आता हा मला बाहेर काढणार."

त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. आजचं निरूपण त्या भाऊसाठी आहे, आणि यात्रेला आलेल्या आपल्यातल्या पुष्कळांसाठी.

पौलानं रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत एक शब्द घेतला आहे, दत्तकपणा. हा शब्द त्याला सहज सुचला नाही बरं का. रोमी राज्यात दत्तक म्हणजे पक्का कायदा होता. मुलावरची जुन्या बापाची सत्ता तुटायची, मुलगा नव्या बापाच्या सत्तेखाली यायचा, त्याचं नाव लावायचा आणि त्याचा वारस व्हायचा. औगुस्त कैसरानं इ.स. 4 मध्ये तिबिर्याला दत्तक घेतलं, आणि पुढे तोच तिबिर्य गादीवर बसला. प्रभू येशूला क्रुसावर दिलं तेव्हा रोमचा कैसर हाच होता. आता सांगा, दत्तक म्हणून त्याला कोणी अर्धं राज्य दिलं का? दत्तकाचा हक्क अर्धा नसतो.

लांब कशाला जायचं? आपल्या नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे गाव घ्या. तिथला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा. 1875 साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. गोपाळचे सयाजीराव झाले. तेव्हा त्यांचं वय होतं 12 वर्षं. लिहिण्यावाचण्याचं खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. कारभार हाती आला 1881 च्या अखेरीस. क्रम ध्यानात घ्या, मायबाप हो! आधी राज्य चालवून दाखव, मग मुलगा करून घेते, असं महाराणी म्हणाल्या नाहीत. आधी पुत्र झाले, मग शिकले. शिकताना चुकलेही असतील, पण चुकले म्हणून कोणी त्यांना परत गोपाळ केलं नाही.

देवाच्या घरातही क्रम हाच आहे. आपण चांगले झालो म्हणून लेकरं झालो, असं नाही. ख्रिस्तानं मोल दिलं, बापानं आपलं म्हटलं, आणि आता आपण त्या घरची रीत शिकतो आहोत. आश्रितही काम करतो आणि लेकरूही काम करतं. आश्रित घरात राहू द्यावं म्हणून करतो, लेकरू घर आपलं म्हणून करतं.

इथे माझ्या बहिणी विचारतील, "बुवा, हे सगळं मुलग्यांचंच चाललंय. आमचं काय?" बाई, तुमचंच तर मोठं आहे! त्या काळी वारसा प्रामुख्यानं मुलाचा. पौल त्याच गलतीकरांच्या पत्रात सांगतो, की ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. म्हणजे मुलाचा पूर्ण वाटा लेकीलाही. जगात कोणी तुम्हाला परक्याचं धन म्हणालं असेल, पण या घरात मुलगी परकी नाही.

मग लेकरासारखं राहायचं म्हणजे काय करायचं? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, मागायचं. येशूनं गेथशेमाने बागेत बापाला "अब्बा" म्हणून हाक मारली. अरामी घरातली ही बापाला मारायची हाक. दुःखाच्या रात्री त्यानं जी हाक मारली, तीच पवित्र आत्मा आपल्या तोंडी देतो.

दुसरी, चुकलं तर घराकडे यायचं. उधळ्या पुत्रानं वाटेत बोलणं जुळवलं होतं, की मला चाकर म्हणून तरी ठेवा. घरी आल्यावर पाप कबूल केलं, पण चाकरीचं वाक्य त्याच्या तोंडून निघायच्या आत बापानं झगा, अंगठी आणि जोडे मागवले! कबुली बापानं ऐकून घेतली. चाकरीचा अर्ज मात्र घेतलाच नाही.

तिसरी, भावंडं ओळखायची. तुमच्या शेजारी बसलेला कोणत्या जातीचा, कोणत्या वाडीचा, हे आता विचारायचं नाही. त्याचा आणि तुमचा दत्तकविधी एकाच क्रुसावर झाला आहे. बाप एक आणि पंगत वेगळी, हे या घरात चालत नाही. आणि वारसा म्हटला की त्यात ख्रिस्ताबरोबर सोसणंही आलं. दुःख आलं म्हणून बापानं टाकलं, असं समजू नका.

ते भाऊ आज या मंडपात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. असतील तर त्यांना एवढंच सांगतो. दादा, पानावर बसलाच आहात, तर आता दुसरी भाकरी मागा. बाप वाढायला उभा आहे.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!