प्रमोशन हुकलं, आता थांबायचं की सोडायचं?

यंदा माझं प्रमोशन हुकलं. मॅनेजर म्हणाला, "काम भारी आहे, पण जागा एकच होती." कवठे महांकाळला घरी फोन केला, तर पप्पा म्हणाले, "थांब की दोन वर्षं. नोकरी कुठं पळतीय?"

त्यांच्या काळात सिनिऑरिटीनं नंबर लागायचा. थांबलं की मिळायचं. आमच्या आयटीत रेटिंग दरवर्षी नव्यानं होतं, वरच्या जागा मोजक्या, आणि मॅनेजर बदलला की तुमचं काम माहीत असलेला माणूसच गेला. म्हणून आम्ही स्विच मारतो.

पण हे खूळ फक्त आमच्या पिढीचं नाही बरं का. आपल्याच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. यांनी नोकरीच सोडली! बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, मग लोखंडी नांगर बनवले. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली कारखाना कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आला, तीच आजची किर्लोस्करवाडी.

पप्पांना मोठ्या जोशात हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणजे सोडून पण दोन वर्षं थांबलेच की ते."

यावर मला उत्तर सुचलं नाही. दुसरीकडची ऑफर हातात आहे, इथला नोटीस पिरियड ९० दिवसांचा. राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.